सेल्फ फिरतो, इंजिन फिरत नाही: बेंडिक्स बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी चालू होईना की निकाल ठरलेला असतो: "सेल्फ गेला," म्हणजे इंजिन चालू करणारी मोटार बिघडली. सेल्फ उतरतो, ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बाकावर बॅटरीला जोडला की झुर्रकन फिरतो, आणि "मोटार तर ठणठणीत आहे" म्हणून परत बसतो. दोन दिवसांनी तक्रार तीच. बाकावर सेल्फला काही ओढायचंच नसतं. त्याची खरी परीक्षा फ्लायव्हीलच्या (इंजिनला जोडलेल्या जड चाकाच्या) दातेरी रिंगवर होते, म्हणजे दात्यांत, आणि तिथे डोकावायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

सेल्फच्या पिनियनला, म्हणजे पुढच्या लहान गिअरला, साधारण नऊ-दहा दाते असतात, रिंगला शंभराच्या वर. हिशेबासाठी १० आणि १२० धरू, म्हणजे १२ ला १. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवायचं तर पिनियनला २,४०० फेरे घ्यावे लागतात. आता इंजिन चालू होऊन ३,००० फेऱ्यांवर गेलं आणि पिनियन रिंगमध्येच राहिलं, तर हिशेबाने त्याचा वेग ३६,००० होतो. आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) त्या वेगाने फिरलं तर त्याची वायंडिंग (तारेची गुंडाळी) उसवून बाहेर येते. म्हणून पिनियन आणि आर्मेचर यांच्यामध्ये एकमार्गी क्लच असतो: मोटारीचा जोर इंजिनकडे जाऊ देतो, इंजिनचा जोर मोटारीकडे येऊ देत नाही. पिनियन आत ढकलतो सोलेनॉइडचा (सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचचा) फोर्क, बाहेर आणते परतीची स्प्रिंग. पिनियन आणि क्लच मिळून जो एक जोड येतो, तोच गॅरेजमधला बेंडिक्स.

पिनियन आत गेलं का, जोर लागल्यावर टिकलं का, काम झाल्यावर सुटलं का, एवढंच शोधायचं असतं. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा आवाजातच असतं.

आवाज न ऐकता पार्ट मागवणं

कट-कट-कट असा भराभर आवाज आला तर बेंडिक्सला हात लावू नका. सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. कॉन्टॅक्ट जुळले की मोटार एकदम मोठा करंट खेचते, बॅटरी दमलेली असेल तर व्होल्टेज कोसळतं, धरणारी कॉइल सोडून देते, कॉन्टॅक्ट उघडतो, व्होल्टेज परत वर येतं आणि हेच चक्र पुन्हा. दोष बॅटरीचा किंवा टर्मिनलचा. मल्टिमीटर बॅटरीच्या पोलवर लावून सेल्फ मारा. १२ व्होल्टच्या गाडीत आकडा ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरी. आकडा चांगला असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह पोल आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये सेल्फ मारताना किती व्होल्ट दिसतात ते पाहा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. इंजिन-गिअरबॉक्स रंगवून घेतल्यावर सेल्फ बसण्याच्या जागेवरचा रंग न खरवडता सेल्फ कसला की हमखास हेच होतं.

एकच जाड 'टक' आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात. क्वचित कधी तरी असा एखादा टक आला तर घाबरायचं कारण नाही: दात दातावर आपटला की आतली स्प्रिंग दबते, मोटार जरा फिरते आणि पिनियन पुढच्या खाचेत सरकतं. रचनाच तशी आहे.

मोटार जोरात 'झुईं' करते आणि इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा मात्र क्लच सुटतोय किंवा पिनियन आतच जात नाहीये. आणि 'खर्रर्र' अशी दात खाणारी करकर म्हणजे रिंग.

फक्त बेंडिक्स बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे जवळपास ठरलेल्या जागीच थांबतं, आणि रिंगवर अशा दोन जागा एकमेकींच्या समोर येतात. तीन सिलेंडरला तीन जागा. त्यामुळे पिनियन वर्षानुवर्षं त्याच चार-सहा दात्यांवर आपटतं, बाकीची रिंग नव्यासारखी. सेल्फच्या भोकातून टॉर्च मारली, दोन चांगले दाते दिसले आणि "रिंग ओके आहे" म्हटलं, तर पाहणी झालीच नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवा आणि प्रत्येक दात बघा. खडूची एक खूण करा, नाहीतर कुठून सुरू केलं तेच विसरायला होतं.

त्याआधी एक फुकटची चाचणी आहे. करकर झाली की चावी बंद करून गाडी टॉप गिअरला टाका, वीतभर ढकला, न्यूट्रल करा आणि पुन्हा सेल्फ मारा. निमूट चालू झाली तर रिंगची ती जागाच खराब आहे. झिजलेल्या रिंगवर नवं पिनियन टाकलं तर ते काही दिवसांत जुन्याच्या आकाराचं होतं, आणि बिल दोनदा भरावं लागतं.

दात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा तपासल्याशिवाय "याच गाडीचं आहे" म्हणून दिलेला बेंडिक्सही घेऊ नका. जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजा.

बेंडिक्स पेट्रोलमध्ये बुडवून धुणं

स्वच्छतेची आवड इथे नडते. एकमार्गी क्लचमध्ये कारखान्यातच ग्रीस भरून तो बंद केलेला असतो. पेट्रोल किंवा डिझेलमध्ये बुडवला की ते ग्रीस विरघळून निघून जातं, परत भरायची सोय नसते, आणि थोड्याच दिवसांत रोलर घसरायला लागतात. कोरड्या फडक्याने पुसा, तेवढं पुरे.

उलटी चूक म्हणजे पिनियन ज्यावर सरकतं त्या शाफ्टच्या आट्यांवर जाड ग्रीस थापणं. सेल्फच्या तोंडाशी गाडीच्या क्लच प्लेटची धूळ उडत असते. ती ग्रीसमध्ये बसली की चिखल होतो, पिनियन पुढे जायला आळस करतं आणि मागे यायला त्याहून जास्त. हलकासा हात फिरवा, कंपनीने सांगितलेल्या वंगणाचा. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांत पाणी बेलहाउसिंगमध्ये (फ्लायव्हीलवरच्या आवरणात) शिरून शाफ्ट गंजतो. पावसाळा संपल्यावर एकदा सेल्फ उतरवून पाहणं फायद्याचं.

क्लच हाताने तपासला, एका बाजूला फिरला आणि दुसऱ्या बाजूला अडला, म्हणजे तो चांगलाच असं नाही. हाताच्या जोराला अडणारा क्लच इंजिनच्या कॉम्प्रेशनला घसरू शकतो. हाताने घसरला तर नक्की गेला. हाताने अडला तर संशय कायम.

पुढच्या ब्रॅकेटमधल्या, शाफ्ट पेलणाऱ्या बुशकडे तर कोणाचं लक्षच नसतं. तो झिजला की शाफ्ट तिरका होतो आणि चांगलं पिनियनही दात अर्धेच पकडतं. सेल्फ कसणाऱ्या बोल्टांपैकी एक ढिला राहिला तरी परिणाम हाच.

हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि हट्ट

सेल्फवर हातोडी ठोकून गाडी चालू करण्याचा उपाय फील्ड कॉइलच्या (चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी असलेल्या) जुन्या सेल्फला चालून जायचा. आजच्या बऱ्याच लहान सेल्फमध्ये फेराइटचे कायम चुंबक असतात. ते ठिसूळ असतात, तडकतात, आणि त्यांचे तुकडे आर्मेचरला चिकटून मोटार जाम करतात.

ट्रॅक्टरचा सेल्फ खाली उभं राहून स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणं हे मात्र थेट जिवाशी खेळणं आहे. न्यूट्रल आणि क्लच पेडलचा सुरक्षा स्विच त्यामुळे बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर चालू होता क्षणी पुढे येतो, आणि शॉर्ट करणारा माणूस नेमका मोठ्या चाकापुढे असतो. कितीही घाई असो, हे करू नका आणि गड्यालाही करू देऊ नका.

सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावं. आणि इंजिन पूर्ण थांबण्याआधी पुन्हा चावी फिरवणं म्हणजे फिरत्या रिंगवर पिनियन घासणं. रिंगच्या बऱ्याच जखमा इथल्याच असतात.

बऱ्याच मोटारसायकलींत पिनियन पुढे-मागे होतच नाही, गिअर कायम जुळलेले असतात आणि सगळा भार एकमार्गी क्लचवर असतो. बॅटरी कमी असताना बटण दाबत राहिलं की इंजिन कॉम्प्रेशनवर अडून उलटा झटका देतं आणि तो झटका थेट क्लचला बसतो. किक असेल तर किक मारा.

रिंग बदलायचीच वेळ आली, तर ती गरम करून फ्लायव्हीलवर बसते. साधारण २०० ते २५० अंश पुरतात आणि उष्णता सगळीकडे सारखी हवी. गॅसने एकाच जागी लाल केली तर तिथल्या दात्यांचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. चार सिलेंडरच्या जुन्या इंजिनांत काही मिस्त्री जुनीच रिंग उतरवून ९० अंश फिरवून बसवतात. क्रँक सेन्सर (इंजिन कुठवर फिरलंय ते सांगणारा) रिंगवरून सिग्नल घेत नसेल तर हे चालतं. दात्यांची तासलेली कड मात्र ज्या बाजूने पिनियन आत शिरतं त्याच बाजूला यायला हवी, हे रिंग थंड व्हायच्या आत बघा. उलटी बसली तर पहिल्याच सेल्फला करकरते आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.