घरच्या ध्वनिमुद्रणातला गोंगाट कसा काढावा

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात आजींकडून जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायला बसले, की ओव्यांबरोबर पंख्याची घरघर, विजेची गुणगुण, बटणाची टकटक आणि रस्त्यावरचे हॉर्नही येतात. या प्रत्येकाची जात वेगळी असल्याने उपायही वेगळे करावे लागतात.

मुद्रण वेव्ह स्वरूपात, सेकंदाला 48,000 नमुने (आवाजाच्या पातळीची मोजमापे) घेऊन करावे आणि आजींनी सुरुवात करण्यापूर्वी 10 सेकंद खोलीतली शांतता, म्हणजे पुण्यात जिला शांतता म्हणतात ती, टिपून ठेवावी. ती पुढे कामी येते.

आधी गुणगुण काढावी. एका सेकंदाच्या तुकड्याचे फूरिए रूपांतर केले, म्हणजे त्यातल्या कंपनसंख्या सुट्या करून पाहिल्या, तर आपल्याकडच्या विजेमुळे 50, 100, 150 हर्ट्झवर उभ्या रेषा दिसतात. तेवढ्याच जागी अरुंद नॉच फिल्टर (ठरावीक कंपनसंख्याच गाळणारा) लावावा. त्यापुढच्या रेषा ऐकू येत नसतील तर त्यांना हात लावू नये, कारण बायकांच्या आवाजाचा मूळ सूर साधारण 200 हर्ट्झच्या आसपास असतो.

पंख्यासाठी स्टीव्हन बोल यांनी 1979 मध्ये मांडलेली वर्णपट-वजाबाकी अजूनही उपयोगी आहे; वर्णपट म्हणजे कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती याचा आलेख. मुद्रण 1024 नमुन्यांच्या, म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंदांच्या, एकमेकांवर निम्म्या चढलेल्या तुकड्यांत विभागावे, प्रत्येकाला हान खिडकी लावून, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर नेऊन, रूपांतर करावे, त्या 10 सेकंदांवरून काढलेला गोंगाटाचा सरासरी वर्णपट त्यातून वजा करावा आणि मूळ कला (फेज, म्हणजे लहरींची चढउतारातली जागा) तशीच ठेवून तुकडे पुन्हा जोडावेत. वजाबाकी उणे गेली तर तिथे शून्य भरण्याचा मोह होतो. पण मग इकडेतिकडे उरलेली टोके पाण्याच्या बुडबुड्यांसारखी किणकिणतात, आणि माझ्या मते ही किणकिण मूळ घरघरीपेक्षा अधिक त्रासदायक असते. त्यामुळे मूळ पातळीचा सुमारे दहावा हिस्सा मुद्दाम राहू द्यावा.

गोंगाट सतत बदलत असेल, तर 2018 मधील आरएनएनॉइझसारखी पद्धत वापरून पाहावी. ती वर्णपटाचे 22 पट्टे करते आणि कोणता पट्टा किती दाबायचा हे लहानसे न्यूरल जाळे ठरवते. मात्र ती बोलण्यासाठी घडवलेली असल्याने ओवीतला लांबवलेला सूर दाबला जात नाही ना, हे कान देऊन तपासावे.

टकटकीसाठीची युक्ती नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीकडून घेण्यासारखी आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांना वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचा उपद्रव होतो. सरासरी अशा ठिणग्यांमुळे स्वतःच भरकटते, म्हणून तिथल्या फिल्टरमध्ये मध्यकावरून (किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या किमतीवरून) विचलन मोजतात आणि मर्यादेबाहेरचे नमुने बदलतात. घरी हे माप थेट आवाजाला न लावता, आधीच्या नमुन्यांवरून बांधलेला अंदाज जिथे चुकतो त्या फरकाला लावावे. नाहीतर आजींच्या आवाजातले ठसठशीत उच्चारही टकटकीत मोजले जातात.

हॉर्न मात्र आवाजाच्याच पट्ट्यात येतो आणि सेकंदभर टिकतो, त्यामुळे तेवढी ओवी आजींना पुन्हा म्हणायला सांगावी.