बुश बदलताय? बोल्ट गाडी हवेत असताना फुल टाइट करू नका

जुन्या फोर बाय फोरचे सस्पेन्शन बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे, लोखंडी नळ्यांमधले रबरी तुकडे) बदलायला घेतलेत तर अर्धा दिवस जुने बुश काढण्यातच जाणार हे धरूनच चाला, कारण बोल्ट आतल्या लोखंडी स्लीव्हला गंजून चिकटलेला असतो, त्यामुळे आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपून तो सैल करणारं तेल) मारून ठेवा. रबर ड्रिलने पोखरून काढायचं, मग बुशची बाहेरची शेल (लोखंडी नळी) राहिली तर हॅकसॉचं ब्लेड आतून घालून एक चीर पाडायची, की ती आत दुमडून निघते. फक्त आर्मला, म्हणजे बुश ज्यात बसतो त्या दांड्याला, खाच पडू देऊ नका. आणि रबर जाळत बसू नका, तो धूर लय घाण असतो.

नवीन रबर बुश बसवताना साधं साबणाचं पाणी लावा, पेट्रोलियमवालं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. बुश रबराऐवजी पॉलीयुरेथेनचा (कडक प्लास्टिकसारखा) असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीस लागतंच, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला करकर. बुशमध्ये पोकळ खाचा असतील तर जुना काढायच्या आधीच त्यांची दिशा मार्कर ने लिहून ठेवा.

आता मेन गोष्ट. रबर बुश फिरत नाही, पिळला जातो. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत आणि तुम्ही बोल्ट आवळला, की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून आधी हातानेच आवळा, गाडी चाकांवर उतरवा, दोनचार वेळा दाबून हलवा आणि मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) लावा.