आधी वजनकाटा, मग मशीन

बचत गटाला धंदा शिकवायला निघालात तर पहिल्या दिवशी प्रोजेक्टर नेऊ नका, वजनकाटा न्या. सांगलीकडच्या गटांत मीही सुरुवातीला भाषणंच ठोकायचे. बायका माना डोलवायच्या, चहा पिऊन घरी जायच्या.

आता थेट चुलीपाशी बसते. दहा किलो चकल्या समोर करायला लावते. भाजणी मोजायची, तेल आधी मोजायचं, उरलेलं गार झाल्यावर पुन्हा. सिलिंडरसुद्धा आधी-नंतर काट्यावर ठेवायचा. (घरगुती लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही, हे तेव्हाच सांगून टाका.) मागच्या खेपेला किलोमागे भाजणी, तेल, तीळ-मसाला मिळून १४० रुपये, गॅस २५, पिशवी-लेबल २० निघाले. "आणि मजुरी?" "आमचंच तर काम, त्याचे कसले पैसे?" हे उत्तर दर गटात येतं. चौघी पाच तास राबल्या, म्हणजे वीस तास. तासाला ५० धरले तरी किलोवर १०० चढले. झाले २८५. विकत होत्या ३०० ला, आणि दुकानदार मागत होता वीस टक्के. म्हणजे हातात २४०, किलोमागे ४५ चा खड्डा. जितका माल जास्त खपेल तितका खड्डा मोठा. हे गणित तुम्ही करून दाखवू नका, कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात द्या. शेवटी २०० ग्रॅमचं पाकीट ८० ला ठरलं. दुकानदाराचं देऊन किलोला ३५ उरतात.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी नंबर लेबलवर हवाच. तो ऑनलाइन काढता येतो. टिकण्याची मुदत मात्र अंदाजाने छापू देऊ नका. प्रत्येक घाण्यातली सहा पाकिटं बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक फोडा. खवट वास कुठल्या आठवड्यात आला ते वहीत लिहा.

कर्ज सगळ्यात शेवटी. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, एका उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलं होतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. अनुदानाच्या मोहात एका गटाला मीच मशीन घ्यायला लावलं होतं. मागणी दिवाळीपुरतीच. मशीनवर जुनी साडी पांघरलेली आहे, हप्ते चालू आहेत.

चव सांभाळायची तर मूठ मोजा. एका काकूंना तीनदा मूठभर तीळ घ्यायला लावले: ३८, ४५, ४१ ग्रॅम. काकू रागावल्या. म्हणाल्या, "काटाच बिघडलाय तुझा."