डार्क वेबवरची खबर तपासात कशी उतरवावी

डार्क वेबवर, म्हणजे नेहमीच्या शोधयंत्रांत न दिसणाऱ्या आणि खास सॉफ्टवेअरनेच उघडणाऱ्या इंटरनेटच्या भागात, मिळालेली माहिती ही खबर असते, पुरावा नव्हे. तपासी अंमलदाराने हा फरक पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवला, तर पुढे न्यायालयात होणारी बरीच फजिती टळते. तेथे जाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, ओळख लपवणाऱ्या ‘टॉर’ या जाळ्यावरची वाहतूक साधारणपणे तीन वेगवेगळ्या संगणकांतून वळत जाते. तिचा उलटा माग काढत बसणे हे सोलापूरसारख्या शहरातील सायबर पोलीस ठाण्याचे काम नव्हे, आणि त्याची फारशी गरजही पडत नाही. व्यवहार कोठे तरी जमिनीला टेकतोच : पार्सल कोणाच्या तरी हातात पडते, पैसे कोणाच्या तरी खात्यात उतरतात आणि माणूस सवयीने जुनेच नाव पुन्हा वापरतो. 2013 मध्ये पकडला गेलेला, ‘सिल्क रोड’ या डार्क वेबवरच्या अमली पदार्थांच्या बाजाराचा चालक रॉस उल्ब्रिक्ट याच्यापर्यंत नेणारा एक महत्त्वाचा दुवा अमेरिकेच्या करविभागातील तपासनिसाला साध्या गूगल शोधात सापडला होता, आणि 2017 मध्ये बंद पाडलेल्या ‘अल्फाबे’ या तशाच बाजाराचा चालक नव्या सदस्यांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये राहून गेलेल्या स्वतःच्या पत्त्यामुळे उघडा पडला.

कामाला हात घालण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी, या कामापुरता स्वतंत्र संगणक ठेवावा आणि तेथे स्वतःचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल कधीही वापरू नये. परवानगीशिवाय खरेदीचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तो तपास राहत नाही, गुन्हा होतो.

शोधशब्दांची यादी हे खरे कसबाचे काम आहे, आणि येथे स्थानिक माणसाची बरोबरी बाहेरचा तज्ज्ञ करू शकत नाही. रोमन लिपीत ‘सोलापूर’बरोबर जुने ‘शोलापूर’ही शोधावे, 4130 ने सुरू होणारे पिनकोड घ्यावेत, तालुक्यांची आणि औद्योगिक वसाहतींची नावे घ्यावीत. आपल्या शहरात मराठीइतक्याच सहजतेने तेलुगू आणि कन्नड बोलली जाते, त्यामुळे त्या भाषांतील बोलीशब्द रोमन लिपीत कसे लिहिले जातात, हे त्या घरांतल्या सहकाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे. यादीत केवळ तयार अमली पदार्थ नकोत, कच्चा मालही हवा. 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूर परिसरातील एका औषध कारखान्यातून इफेड्रिन या अमली पदार्थांसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचा टनावारी साठा जप्त केला होता, हे विसरून चालणार नाही.

काही सापडले की ते त्याच क्षणी जतन करावे, कारण सकाळी दिसलेले पान संध्याकाळी नसते. पूर्ण पत्ता, पानाचे छायाचित्र आणि वेळ नोंदवावी. तेथील वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. तेथे 18:30 दिसले तर येथे मध्यरात्र झालेली असते. फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, लगेच काढून डायरीत लिहावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात ते द्यावे लागते, आणि त्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

समजा, एका विक्रेत्याच्या छायाचित्रात पुडीखाली ठसठशीत नक्षीची सोलापुरी चादर दिसते. पाहणाऱ्याला वाटते, माणूस आपल्याच गावचा. पण ती चादर महाराष्ट्रात घरोघरी असते. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा त्या विक्रेत्याची पीजीपी किल्ली, म्हणजे गुप्त संदेशांसाठी आणि स्वतःची ओळख पटवण्यासाठी तो जाहीर करतो तो सांकेतिक मजकूर, पाहावी. एक बाजार बंद पडला की विक्रेते दुसरीकडे जातात, मात्र जुने गिऱ्हाईक टिकावे म्हणून बरेच जण तीच किल्ली सोबत नेतात, आणि मग दोन वेगळ्या नावांमागचा हात एकच असल्याचे दिसते. किमान दोन स्वतंत्र दुवे जुळल्याशिवाय कोणाच्याही दारात जाऊ नये. चुकीच्या घरावर पडलेल्या छाप्याने त्या कुटुंबाची गल्लीत होणारी बदनामी कोणत्याही दिलगिरीने भरून निघत नाही.

पैशाच्या बाबतीत बिटकॉइनला घाबरण्याचे कारण नाही, कारण त्याच्या व्यवहारांची वही सर्वांसाठी खुली आहे. व्यवहार लपवणाऱ्या मोनेरो या दुसऱ्या आभासी चलनाचा माग मात्र फार अवघड. भारतातील क्रिप्टो एक्स्चेंजना 7 मार्च 2023 पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आहे. त्यांच्याकडे ग्राहकाची ओळख असते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली ती मागवता येते. पार्सलबाबत घाई करू नये. नियंत्रित पोहोच देऊन, म्हणजे पार्सल नजरेखाली पुढे जाऊ देऊन, घेणाऱ्याला पकडायचे असेल, तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50अ नुसार तो अधिकार एनसीबीच्या, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या, महासंचालकांचा किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा आहे, म्हणून त्यांना आधीच सोबत घ्यावे.

एक विक्रेता पकडला म्हणजे टोळी सिद्ध होत नाही. मकोका हा महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा असो वा त्याच विषयावरचे भारतीय न्याय संहितेचे कलम 111, मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. शिवाय मकोकाखाली गुन्ह्याची नोंद करण्यासाठी किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. म्हणून पडद्यावरच्या नावामागचा माणूस कळला की शहर आणि ग्रामीण, दोन्ही पोलीस दलांचे जुने अभिलेख काढावेत. एकच आडनाव दोन ठाण्यांत दोन तऱ्हांनी लिहिलेले असू शकते, त्यामुळे वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि जुना पत्ता ताडून पाहिल्याशिवाय ‘अभिलेख निरंक’, म्हणजे जुना गुन्हा नाही, असा शेरा मारू नये.