कंपनीची खरी किंमत काढताना या चुका टाळा

"दाजी, एमआरएफचा एक शेअर लाखाच्या वर आणि सुझलॉन साठ रुपयांत, मग सुझलॉनच घेतो ना, किती स्वस्त पडतोय!" २०२५ च्या पावसाळ्यात मेव्हण्याचा हा मेसेज आला आणि मी हसलो नाही, कारण सुरुवातीला मीही अगदी हेच करायचो.

गणित करून बघा. टायरवाल्या एमआरएफचे एकूण शेअर फक्त ४२ लाखांच्या आसपास, म्हणजे १ लाख ४० हजार भाव धरला तरी अख्खी कंपनी साठ हजार कोटींच्या घरात. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचे शेअर साडेतेराशे कोटींच्या वर, गुणिले साठ, झाले ऐंशी हजार कोटी. म्हणजे मेव्हण्याला स्वस्त वाटणारी कंपनी तेव्हा पूर्ण घ्यायची म्हटली तर एमआरएफपेक्षा महाग होती. फोडीच्या भावावरून कलिंगड केवढं ते कसं कळणार, आधी फोडी किती केल्यात ते विचारा ना. जानेवारी २०२४ मध्ये नेस्लेने एका शेअरचे दहा केले, २७ हजारांच्या आसपासचा भाव २,७०० झाला, तर आमच्या ऑफिसात एकाने "पडलाय पडलाय" म्हणून घेऊन टाकला. मॅगी आदल्या दिवशीइतकीच विकली जात होती.

बरं, भाव गुणिले शेअर म्हणजे मार्केट कॅप, मग तीच खरी किंमत का? तीही नाही. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं बघा, दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून बसलेली कंपनी. कंपनीकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर आणि बाजारात एल्सिडचा भाव ३ रुपये ५३ पैसे, एकूण शेअर दोन लाख, म्हणजे कागदावर अख्खी कंपनी सात लाखांत! सात लाखांत धड गाडी येत नाही. अर्थात त्या भावाला विकायला कोणी तयारच नव्हतं, त्यामुळे तो भाव नुसता बोर्डावर लटकलेला. मग २९ ऑक्टोबर २०२४ ला बीएसईने, म्हणजे मुंबई शेअर बाजाराने, खास लिलाव घेतला आणि एका दिवसात भाव २,३६,२५० रुपये. त्या एका दिवसात कंपनीत काय बदललं? काहीच नाही. आणि गंमत म्हणजे हा भावसुद्धा तिच्याकडच्या मालमत्तेपेक्षा बराच कमी होता, कारण ते एशियन पेंट्सचे शेअर प्रमोटर, म्हणजे कंपनी चालवणारे मूळ मालक, विकणार नसतील तर छोट्या भागधारकाच्या हातात काय पडणार, हा प्रश्न उरतोच.

इथूनच पुढची चूक सुरू होते, "अरे त्यांच्याकडे केवढी जमीन आहे, केवढं नाव आहे." मुंबईतल्या गिरण्यांचे शेअर लोकांनी वर्षानुवर्षं याच एका वाक्यावर घेतले. बॉम्बे डाइंगने २०२३ मध्ये वरळीची साधारण २२ एकर जमीन ५,२०० कोटींना विकायचा करार केला तेव्हा कुठे ती जमीन पैशाच्या रूपात दिसायला लागली, तोपर्यंत नुसत्या गप्पा. त्यात अजून एक खड्डा आहे, जमीन विकली त्या वर्षी नफा फुगतो आणि पी/ई (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा नफा) एकदम खाली दिसतो, ते बघून "वा, स्वस्त" म्हणू नका, तीच जमीन परत विकता येत नाही.

नावाचं म्हणाल तर किंगफिशर एअरलाइन्स. एकेकाळी त्या ब्रँडची किंमत चार हजार कोटींच्या वर काढलेली, बँकांनी तो तारण म्हणून धरला, आणि २०१६ मध्ये ३६६ कोटी ७० लाखांची राखीव किंमत ठेवून लिलावाला काढला तर एकही बोली नाही. विमानंच उडत नाहीत त्या एअरलाइनचं नाव घेऊन करायचं काय? पार्ल्यातलं किंगफिशर हाऊस पण तसंच, पहिल्यांदा १५० कोटी मागितले, लिलावामागून लिलाव झाले, शेवटी २०२१ मध्ये ५२ कोटींना गेलं. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

कर्ज विसरणं ही तर घरोघरीची चूक. दीड कोटीचा फ्लॅट आणि त्यावर एक कोटीचं होमलोन असेल तर तुमचे पन्नास लाख, हे सगळ्यांना कळतं, मग कंपनीच्या बाबतीत का विसरतो? आपल्या पुण्याच्या सुझलॉननेच २००७ मध्ये जर्मनीची पवनचक्की कंपनी रीपॉवर ताब्यात घेतली, कर्जाचा डोंगर झाला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी बाँडचे, म्हणजे रोखे विकून घेतलेल्या कर्जाचे, पैसे फेडता आले नाहीत. पवनचक्क्या फिरत होत्या, ऑर्डरीही होत्या, पण जे येईल त्यावर पहिला हक्क देणेकऱ्यांचा, आपला नंबर शेवटचा.

आता मी स्वतः जिथे आपटलो ते सांगतो, नाव घेत नाही. सरकारी कामं घेणारी एक छोटी कंपनी, तीन वर्षं नफा वाढता, मी दरवर्षी थोडे थोडे घेत गेलो. ॲन्युअल रिपोर्टची पीडीएफ उघडायचो, चेअरमनचं भाषण वाचायचो, नफ्याचा आकडा बघायचो, बंद. चौथ्या वर्षी शेअर निम्मा झाला तेव्हा रात्री बसून जुने रिपोर्ट काढले आणि पहिल्यांदा कॅश फ्लोचं, म्हणजे रोख पैसे खरंच किती आले-गेले याचं, पान नीट वाचलं. तीनही वर्षं धंद्यातून आलेली रोकड उणे! विक्री लिहिली जात होती, नफा लिहिला जात होता, पैसे मात्र येण्यांमध्ये अडकलेले, आणि पगार-व्याज द्यायला दरवर्षी नवं कर्ज. वाण्याने वहीत उधारी लिहिली म्हणून गल्ला भरत नाही, हे माझ्या आजीला माहीत होतं, मला माहीत नव्हतं. आता पीडीएफ उघडली की आधी तेच पान, पाच वर्षांचा नफा एका बाजूला, पाच वर्षांची रोकड दुसऱ्या बाजूला, त्यातून नवी मशिनरी-कारखान्याचा खर्च वजा, मग जे उरतं ते मालकांचं. असं अजून किती वर्षं उरत राहील आणि मधे कोणी स्पर्धक येऊन त्यात वाटा मागेल का, किंमत कशात आहे विचाराल तर ती यात.

"मग कॅश बघितली की झालं" असं पण नाही हं. सत्यम या आयटी कंपनीने बँकेत ५,३६१ कोटी दाखवले होते, चेअरमन रामलिंग राजूंच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रात कळलं की त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. एवढी कॅश आहे तर व्याज किती आलं हे तपासावं, पण तिथे ३७६ कोटींचं व्याजही खोटंच लिहिलेलं आणि ऑडिटरची सही होतीच. असा खोटेपणा बाहेरून पकडणं आपल्यासारख्याला अवघडच, म्हणून एकाच कंपनीत सगळं टाकू नये एवढं मी करतो. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला आपला वाटा, मात्र खरा बँकेत जमा होतो, तेवढा दिलासा.

मेव्हण्याला हे सगळं फोनवर सांगितलं, पाऊण तास. तो म्हणाला, "दाजी, ते कॅश फ्लोचं पान कुठे असतं?" स्क्रीनशॉट पाठवलाय. अजून ब्लू टिक आलेली नाही.