उन्हाळ्यातील जुलाब-उलट्या : शरीरातील पाणी कसे राखावे

उन्हाळ्यात जुलाब सुरू झाले की शरीरातील पाणी घामातूनही जात असल्यामुळे रुग्ण अपेक्षेपेक्षा लवकर गळून जातो. म्हणून त्याला प्रथम सावलीत, हवेशीर जागी झोपवावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता जलसंजीवनी (ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवायचे साखर-मिठाचे मिश्रण) द्यायला सुरुवात करावी. तिची तयार पुडी मिळाली नाही तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. येथे अंदाजपंचे चालत नाही, कारण जास्त मीठ घातक ठरते आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. नेमक्या प्रमाणातील साखर मात्र आतड्यातून मीठ व पाणी रक्तात ओढून घेते, जे नुसत्या पाण्याने तितके साधत नाही. हे द्रावण झाकून ठेवावे व २४ तासांनी टाकून द्यावे.

उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजावे. घटाघटा प्यायलेले बहुधा बाहेरच येते. तान्ह्या बाळाचे स्तनपान थांबवू नये आणि मुलांना जुलाब बांधणारी औषधे परस्पर देऊ नयेत.

पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर तिची घडी हळूहळू मिटत असेल, डोळे खोल गेले असतील, ६ ते ८ तास लघवी झाली नसेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.