लॅपटॉप सारखा आपोआप रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

काम चालू असताना मधेच स्क्रीन जाते आणि लॅपटॉप स्वतःच परत सुरू होतो, हे व्हायला लागलं की बहुतेक जण सरळ दुकानात नेतात आणि तिथे हमखास ऐकायला मिळतं की फॉरमॅट मारावं लागेल. पण फॅनमध्ये धूळ बसली असेल, रॅम खराब असेल किंवा चार्जर पुरेशी पॉवर देत नसेल तर फॉरमॅट मारून यातलं काहीच सुधारत नाही, वर डेटा जातो आणि सगळे सॉफ्टवेअर परत टाकायचा ताप होतो तो वेगळाच. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी लॅपटॉप का बंद पडतोय ते शोधायचं, उपाय नंतर. आणि हे शोधणं घरी बऱ्यापैकी जमतं. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

पहिलं काम म्हणजे बॅकअप. आत्ता चालू आहे तोवर फोटो, कामाच्या फायली, जे काही महत्त्वाचं असेल ते पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या, कारण एसएसडीच (म्हणजे लॅपटॉपमधली डेटा साठवणारी डिस्क) जात असेल तर नंतर संधी मिळेलच असं नाही. अजून एक गोष्ट जी खूप लोकांना माहितीच नसते, नवीन लॅपटॉपवर ड्राइव्ह बऱ्याचदा बिटलॉकरने (हे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं फीचर) आपोआप लॉक केलेला असतो, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळते, ती कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदल केला किंवा मदरबोर्ड बदलला की ती की मागितली जाते आणि नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. बंद पडतो तेव्हा नक्की काय होतं ते बघायचं. निळी स्क्रीन येऊन जाते की काहीही न दाखवता धप्पकन बंद होतो? (विंडोज ११ च्या नवीन अपडेटनंतर ही स्क्रीन निळीऐवजी काळी येते, अर्थ तोच.) एरर स्क्रीन येत असेल तर विंडोजला काहीतरी बिघाड कळला आणि त्याने स्वतःहून काम थांबवलं, म्हणजे ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी जोडणारं सॉफ्टवेअर), रॅम, डिस्क या बाजूला बघायचं. काहीच न येता करंट गेल्यासारखा बंद झाला तर उष्णता, बॅटरी, चार्जर किंवा बोर्ड.

अडचण अशी की स्क्रीन इतकी पटकन जाते की वाचताच येत नाही, म्हणून आधी आपोआप रिस्टार्ट बंद करून टाका. स्टार्टच्या सर्चमध्ये ‘व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, त्यात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्जमध्ये जा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची टिक काढा. पुढच्या वेळी क्रॅश झाला की स्क्रीन तशीच थांबेल, मोबाईलने फोटो काढायचा आणि पॉवर बटन दाबून धरून बंद करायचा.

जे आधी होऊन गेलंय त्याची नोंदही लॅपटॉपमध्ये असतेच. सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ टाका, तारखेनुसार लाल फुल्या दिसतील, आणि त्या नेमक्या कधीपासून सुरू झाल्या ते बघा. त्याच दिवशी एखादं अपडेट, नवा प्रिंटर, नवा अँटिव्हायरस आलेला दिसला तर निम्मं काम तिथेच झालं. जरा खोलात जायचं तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून विंडोज लॉग्जमधला सिस्टिम भाग बघा, तिथे ‘कर्नल पॉवर ४१’ नावाची नोंद सापडेल. ती बघून पॉवर सप्लायच गेलाय असं समजून लोक चार्जर बदलत बसतात, पण ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, कारण त्यात नसतं. त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘बगचेक कोड’ (क्रॅश कशामुळे झाला ते सुचवणारा आकडा) असतो तो बघा. तो ० असेल तर बहुतेक वेळा एकतर पॉवर अचानक गेली किंवा मशीन पूर्ण गोठलं. २६ असेल तर मेमरी मॅनेजमेंट, १५९ म्हणजे ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर, २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर वेळेत परत उठला नाही, २९२ म्हणजे हार्डवेअरनेच एरर कळवली.

कोड ० वाल्यांनी आधी उष्णता तपासा, कारण आपल्याकडे धूळ भरपूर आणि उन्हाळ्यात विदर्भात बाहेर ४५ अंश असताना लॅपटॉप गादीवर ठेवला तर खालची जाळी बंद होऊन हवा आत जाणारच नाही. एचडब्ल्यू इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि काम करताना प्रोसेसरचं तापमान बघा. जड काम चालू असताना ८०-९० पर्यंत जाणं चालतं, पण साधं ब्राउझर उघडल्यावर ९५ च्या वर जात असेल आणि साधारण १०० च्या आसपास बंद पडत असेल तर तो स्वतःला वाचवायला बंद होतोय. पक्कं करायचं असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ टक्के करा, त्याने टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा गरजेनुसार वाढणारा जादा वेग) थांबतो आणि तापमान बरंच खाली येतं (काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो). यानंतर क्रॅश थांबले तर दिशा सापडली. मग फॅन साफ करणं आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) बदलणं, तीन-चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर पेस्ट वाळलेली असू शकते. घरी ब्लोअर मारणार असाल तर लॅपटॉप बंद ठेवून, फॅनचं पातं टूथपिकने धरूनच मारा, नाहीतर हवेच्या जोराने फॅन नको तेवढा फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका.

तापमान ठीक आहे तरी बंद पडतोय तर चार्जर आणि बॅटरी. चार्जर काढल्या काढल्या बंद होतो तर बॅटरी गेली. नुसत्या बॅटरीवर मस्त चालतो आणि चार्जर लावला की पडतो तर अ‍ॅडॉप्टर किंवा चार्जिंगची पिन. गेमिंग लॅपटॉपला कमी वॉटचा चार्जर लावला तर गेम सुरू होताच लोड पेलत नाही, म्हणून जुन्या चार्जरवरचे व्होल्ट आणि वॉट बघूनच दुसरा घ्या. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय, खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर बाकी सगळं सोडा, चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या, फुगलेल्या बॅटरीला टोचू नका, दाबू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ती आग पकडते.

० सोडून दुसरा कोड आला असेल तर रॅमपासून सुरू करा. सर्चमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे, टेस्ट सुरू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा. त्याहून कडक तपासणी मेमटेस्ट८६ करतं, ते पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवायचं, आणि सकाळी त्यात एकसुद्धा एरर दिसली तरी ती रॅम वाईट समजायची. दोन रॅम असतील तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, आतली बॅटरी सुटी करून एक रॅम काढा आणि एकेकीवर चालवून बघा. कधीकधी नुसती काढून, सोनेरी पट्टी मऊ खोडरबरने हलकेच पुसून, परत घट्ट बसवली तरी भागतं, पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत पट्टीवर थर बसणं काही नवल नाही. बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे हे जमत नाही.

स्लीपमधून उठताना पडत असेल किंवा १५९ दिसत असेल तर वायफाय, ब्लूटूथ, ग्राफिक्सचे ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमचा मॉडेल नंबर टाकून घ्या, आणि अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर अजिबात टाकू नका. ड्रायव्हरच्या पातळीवरची एक चुकीची फाइल किती गोंधळ घालते हे १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने बघितलं, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसवल्या, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आणि त्यावर फॉरमॅट लागत नव्हतं, सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू होतो तो मोड) जाऊन तेवढी फाइल काढली की मशीन सुरू होत होती. सेफ मोडसाठी शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, येणाऱ्या मेनूत ‘ट्रबलशूट’मधून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जा, तिथलं ‘रिस्टार्ट’ दाबा आणि मग ४ दाबा. सेफ मोडमध्ये पडत नसेल तर संशय ड्रायव्हरवर किंवा स्टार्टअपच्या एखाद्या सॉफ्टवेअरवर.

डिस्कसाठी क्रिस्टल डिस्क इन्फो टाका, ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर दुरुस्तीच्या नादाला न लागता नवीन एसएसडी घ्या. विंडोजच्या फायली तपासायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएफसी’, स्पेस, स्लॅश, ‘स्कॅननाऊ’ हे इंग्रजीत टाइप करा. व्हायरसने असं होणं तुलनेने कमीच, विंडोजमधल्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा फुल स्कॅन पुरेसा.

तरीही कळेना तर माझ्या मते सगळ्यात खात्रीची चाचणी ही: पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा आणि दोन-तीन तास यूट्यूब वगैरे चालवा. तिथेही रिस्टार्ट झाला तर दोष विंडोजमध्ये शोधत बसू नका, हार्डवेअर आहे. तिथे व्यवस्थित चालला आणि विंडोजमध्येच पडतोय, ड्रायव्हर-रॅम-डिस्क सगळं तपासून झालं, तर आता मात्र फॉरमॅट करायला हरकत नाही.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर एरर स्क्रीनचा फोटो, बगचेक कोड आणि तापमान किती जातं ते लिहून न्या, कोणत्या चाचण्या झाल्यात ते सांगा, पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा, आणि बोर्ड बदलायचा म्हणाले तर होकार द्यायच्या आधी नक्की कुठला भाग गेलाय आणि तो कसा तपासला ते विचारा, सोबत चिप लेव्हलचं काम (म्हणजे बोर्डावरचे सुटे पार्ट दुरुस्त करायचं काम) करणाऱ्या अजून एकाकडून भाव घ्या, कारण बऱ्याचदा एखादा छोटा पार्ट बदलूनही तो बोर्ड चालतो.